कूलरमधले कांदे

ट्रकमधून सगळ्यात शेवटी उतरला तो कूलर.
हमाल म्हणाला, हे इथं कशाला आणलं, बाई?
मी म्हटलं, राहू दे, उन्हाळा येईल ना.
तो हसला. फेब्रुवारी संपत आला होता
आणि त्याच्या कानाला मफलर होता.

चंद्रपूरच्या क्वार्टरमधून चिमण्या दिसायच्या,
इथं एकलहऱ्यातूनही दिसतात.
बदलीच्या कागदावर फक्त गाव बदललं, धूर तोच.
यांचं बरं आहे, सकाळी बूट घालतात
आणि ओळखीच्या आवाजात जाऊन बसतात.
टर्बाइनला बोली नसते.

मला भाजी आणावी लागते.

नाशिकरोडच्या बाजारात, पहिल्याच आठवड्यात
म्हटलं, सांबार द्या बापा दहाचा.
भाजीवाल्यानं मान वर केली,
मोठ्या आस्थेनं सांगितलं,
"इडलीवाला पुढं, पुलाच्या अंगाला, ताई."
समोरच तर होता सांबार,
ओल्या पोत्यावर, जुडीजुडीनं, हिरवागार.
मी बोट दाखवलं.
"मग कोथिंबीर म्हणा की!"
म्हटलं, कोथिंबीर.
चार अक्षरं,
दुसऱ्याची कवळी तोंडात बसवल्यासारखी.
घरी येऊन वरणावर टाकली
तर वास सांबाराचाच आला.

रुचिरा वर्गात "काऊन" म्हणाली
त्या दिवशी डबा तसाच परत आला होता.
दोन महिन्यांनी फोनवर तिचं बोलणं कानावर पडलं,
"नाय ना भो, लय बोर झालं."
माझं लाटणं थांबलं.
विचारलं, आत्ता जेवून राहिली का मग?
"आई, जेवतेस का म्हण ना."
हळूच म्हणाली,
दार बंद होतं तरी.

मे आला. रात्री पंखा दोनवर,
पहाटे पायाशी चादर शोधायची.
भाऊ फोनवर म्हणतो, सत्तेचाळीस झालं,
डांबर चपलेला चिकटून राहिलं,
तिकडं किती?
मी म्हणते, इथंही तापतेच.
सदतीस सांगायची लाज वाटते,
जशी सगळ्यांना उन्हात ठेवून
मी एकटीच सावलीत जेवायला बसले.

खालच्या गायधनी ताई म्हणाल्या, चला, गंगेवर जाऊ.
मला वाटलं काशीला निघाल्या.
इथं गोदावरीलाच गंगा म्हणतात,
आणि बुधवारी तिच्या काठी बाजार भरतो,
गाडगी, सुपं, सुकी मासळी, जुने कपडे.
पायरीवर बसून मी त्यांना शाळेतला धडा सांगितला:
आमची इरई वर्धेत जाते,
वर्धा वैनगंगेला मिळाली की तिचं नाव प्राणहिता,
आणि ती सिरोंच्याला तुमच्या ह्या गंगेला भेटते.
म्हणजे हे पाणी जाईल आमच्याकडे.
गायधनी ताईंनी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"कुठलं जातंय! मधी जायकवाडी आहे. तिथंच अडकेल."
आणि पिशवीतून चिवडा काढला.

त्यांच्याच भावाच्या मळ्यातून
जूनच्या आधी अर्धं पोतं कांदा आला.
ठेवायचा कुठं?
ताई गॅलरीत गेल्या, कूलरवर थाप मारली.
"तिन्ही बाजूंनी जाळी, वारा खेळता,
अगं, ही तर तयार चाळ!"
मी वाळ्याचे ताटे काढले.
वास अजून होता त्यांना,
मागच्या वर्षीच्या दुपारींचा.
फेकवले नाहीत. पलंगाखाली सरकवले.
पंप काढून यांनी रद्दीच्या पेपरात गुंडाळला,
वर तारीख लिहिली, का कोण जाणे.

काल भाजीवाल्यानं लांबूनच हाक मारली,
"ताई, सांबार न्या, ताजा आहे!"
शेजारची बाई त्याला म्हणाली, कसला, इडलीचा?
त्यानं उत्तर दिलं नाही.
माझ्याकडे बघून नुसता हसला.
माझ्या तोंडून मात्र निघून गेलं होतं,
कोथिंबीर द्या.

घरी आले. कूलरचं दार उघडलं,
दोन कांदे काढले.
एकाला कोंब फुटला होता,
तो आधी चिरला.